दिवा विझण्याचे दोन अर्थ

आमच्या खोलीतील पुस्तकांच्या मांडणीवर तांब्याच्या तारेचा एक वीतभर तुकडा ठेवलेला आहे. त्याचे एक टोक चांगले जाड व लालसर आहे. दुसरे मात्र सुईसारखे निमुळते झालेले असून त्यावर हिरवट-निळा थर चढला आहे. भेटीस येणारी मंडळी तो हातात घेऊन हे काय म्हणून विचारतात. लहान मुलांना आम्ही सांगतो, की ही तार पाण्याने खाल्ली. मोठ्यांना सांगण्यास थोडा अधिक वेळ लागतो, कारण ती गोष्ट आमच्या एका चुकीची आहे.

ती गोष्ट सांगून तिच्यातून उभा राहिलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू. प्रश्न असा: जो मनुष्य गुरूवाचून, घरबसल्या, एकट्याने एखादी विद्या शिकतो, त्याने ‘हे मला समजले’ असे केव्हा म्हणावे? आणि त्याच्या समजण्यावर दुसऱ्या कोणी विसंबून राहावे, असे म्हणण्याचा अधिकार त्याला केव्हा प्राप्त होतो? आज आपल्या बहुतेक घरांत मोबाइलवर काही ना काही शिकणे चालू आहे. कोणी शिवण शिकतो, कोणी केक, कोणी इंग्रजी. तेव्हा प्रश्न एकट्या आमचा नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि चर्चची दारे श्रद्धावंतांसाठी बंद झाली. आम्ही त्या वेळी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या धर्मग्रामात नुकतेच आलो होतो. त्यापूर्वीची काही वर्षे साताऱ्याकडे गेली होती. रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करावी आणि उरलेला दिवस काढावा, असे ते दिवस. एके सायंकाळी आमच्या एका वेदीसेवकाचा दूरध्वनी आला. मुलगा आठवीत. सुटीपूर्वी शाळेतून त्याने काही सुटे भाग घरी नेले होते. त्याने विचारले, “फादर, मी छोटा दिवा बॅटरीला जोडला. तो एकदाच लखकन्‌ पेटला आणि गेला. असं का झालं?”

आम्हास उत्तर ठाऊक नव्हते. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अभ्यासात आमची बरीच वर्षे गेली, परंतु नऊ व्होल्टच्या बॅटरीने एक दिवा का जळावा, हे आम्हास सांगता येईना. “उद्या सांगतो,” असे म्हणून आम्ही मोबाइल उघडला. पन्नाशी उलटल्यावर आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी झालो ते असे.

ज्यांनी हा मार्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. शिकविणारे जगभर विखुरलेले आहेत. कोणी दूरदेशीचा तरुण आपल्या टेबलावर कॅमेरा रोखून तारा जोडून दाखवितो. कोठे आयआयटीचे प्राध्यापक फळ्यावर समीकरणे मांडतात. मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात संगणकाशी संबंधित अनेक विषयांचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारी शेकडो पुस्तके व खेळणी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली विद्यार्थ्यांकरिता तयार झालेल्या ‘आर्डुइनो’ नावाच्या लहानशा संगणकपट्टीचा आराखडाही कोणालाही पाहता येतो. एवढे ज्ञान असे विनामूल्य, जातगोत न विचारता, दारात आणून ठेवलेले मागच्या पिढ्यांनी पाहिले नव्हते. त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञतेवाचून दुसरे काही नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरलेल्या ७ व्होल्टना वाटेत अडविणारा कोणी नसेल, तर विद्युतधारा बेसुमार वाहते आणि दिवा जळतो. मध्ये सुमारे ४७० ओहमचा रोध घातला, की धारा पंधरा मिलीअँपियरच्या आसपास राहते. हिशेब जॉर्ज ओहम यांच्या नियमाचा. कुलूपकाराचा हा मुलगा १८१७ पासून कलोन येथे, पूर्वी जेझुइटांनी चालविलेल्या विद्यालयात शिक्षक होता, आणि त्याने १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध केला. सेमिनरीत शिकलेल्या माणसाला हे वाचून अंमळ आपलेपणा वाटावा, हे स्वाभाविकच.

टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही सांगलीहून काही सुटे भाग आणविले: रोध, दिवे, ट्रान्झिस्टर, आणि ज्यात तारा नुसत्या खोचून परिपथ रचता येतो तो पांढरा ब्रेडबोर्ड. रेडिओच्या आरंभीच्या काळात हौशी मंडळी घरातील पाव कापण्याच्या फळीवर खिळे ठोकून परिपथ जोडीत. त्यावरून हे नाव पडले. रोधावर त्याचे मूल्य अंकांत नसून रंगीत पट्ट्यांत असते. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०. पिवळा, जांभळा, काळा म्हणजे ४७. आमच्या चाळिशीच्या चष्म्यास मंद उजेडात तपकिरी आणि काळा यांतील भेद दिसला नाही आणि आमचाही पहिला दिवा त्या मुलाच्या दिव्याप्रमाणेच लखकन्‌ पेटून गेला.

त्या प्रसंगी आम्हास लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. मुंबईस चित्रकला शिकण्यास गेलेल्या या माणसाला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळल्यावर ते रंगांचा नाद सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान, पुढे लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी. आमच्या धर्मग्रामापासून ती फार दूर नाही. अभियंत्याची पदवी नसलेला माणूस यंत्रे पाहून, खोलून आणि परदेशी मासिके वाचून केवढे शिकला! एकट्याने शिकण्याचा उपक्रम या भागात नवा नाही, एवढा धीर त्यातून आम्ही घेतला. तो धीर पुरता योग्य नव्हता, हे पुढे कळले.

दिवा जळतो तेव्हा चूक स्वतःहून बोलते. सुरुवातीच्या बहुतेक चुका अशाच बोलक्या असतात. ट्रान्झिस्टरचे पाय उलटे जोडले तर दिवा लागत नाही. तार सुटली तर घंटी वाजत नाही. मनुष्य चिडतो, शोधतो, सुधारतो. काही महिन्यांत आमचे परिपथ चालू लागले आणि प्रत्येक दिवा लागला, की आम्ही मनाशी म्हणत असू, समजले. त्या मुलाला दूरध्वनीवर समजावूनही देत असू.

आता मूळ गोष्टीकडे. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा ओढ्याच्या काठी एकटी राहतात. सारे गाव त्यांना मावशी म्हणते, आम्हीही म्हणतो. कृष्णा चढली, की ओढ्याला फुगवटा येतो आणि पाणी मागच्या बाजूने, आवाज न करता, अंगणात शिरते. पावसाळ्याच्या रात्री मावशी धड झोपत नसत. तासातासाने कंदील घेऊन ओढा पाहावयास उठत.

त्यांच्यासाठी काही करावे, असे मनात आले. पाण्याची पातळी दाखविणाऱ्या पेटीची कृती एका चित्रफितीत होती. ओढ्याच्या काठी रोवलेल्या खांबावर निरनिराळ्या उंचीवर तारांची उघडी टोके बसवावयाची. पाणी एका टोकास पोचले, की पाण्यातून सूक्ष्म धारा वाहते, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि घरातला दिवा लागतो. सर्वांत खालच्या पातळीस हिरवा, मधल्या पातळीस पिवळा, वरच्या पातळीस तांबडा व त्याबरोबर कर्कश घंटी. जून २०२१ मध्ये ही पेटी आम्ही मावशींच्या घरी बसविली. बॅटरी जुन्या इमर्जन्सी दिव्यातली, चार्जरला जोडलेली. बादलीत तारा बुडवून तिन्ही दिवे लावून दाखविले. शेजारच्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. आम्ही मावशींना म्हटले, “आता निवांत झोपा. पाणी चढले तर पेटी ओरडेल.”

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यात अतोनात पाऊस झाला. दोन दिवसांत ते पाणी कराडवरून आमच्याकडे आले. त्या रात्री ओढा फुगला, अंगणात आला, उंबरा ओलांडून आत शिरला. पेटी ओरडली नाही. शेजारचा एक तरुण जनावरे सोडण्यास उठला होता. त्याला पाण्याचा चमत्कारिक वास आला, म्हणून तो धावला आणि मावशींना पाठीवर घेऊन त्याने उंचावर नेले. गोठ्यात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. त्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी मदत केंद्रात मावशी भेटल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर ऐकणे सोपे गेले असते. त्या म्हणाल्या, “फादर, चार दिस आधीच तुमचा हिरवा दिवा इजला. म्हनलं, पानी उतरलं. म्हनून तर ग्वाड झोपले.”

पूर ओसरल्यावर आम्ही पेटी आणि तारा पिशवीत घालून साताऱ्यास गेलो. तेथील आमच्या जुन्या परिचयाचे एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. वय सत्तरीच्या पुढे, दुकान दीड खणाचे. आमची चित्रफीत त्यांनी पाहिली नाही. त्यांनी केवळ तार हातात घेतली आणि विचारले, “फादर, ही अधिकच्या टोकाची ना? आणि महिनाभर पाण्यात होती?” मग त्यांनी सांगितले. हिरवा दिवा सतत लागलेला, म्हणजे पाण्यातून एकाच दिशेने धारा सतत वाहणारी. धन टोकाचे तांबे कणाकणाने पाण्यात उतरते. तार झिजते, तिच्यावर थर चढतो आणि एके दिवशी संबंध तुटतो. तीच तार तिन्ही दिव्यांना सामायिक, म्हणून हिरव्याबरोबर पिवळा, तांबडा आणि घंटी हे सारेच मुके झाले. हे विद्युत अपघटन होय. शाळेत असताना मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या बुडवून आम्ही स्वतः हा प्रयोग केला होता आणि परीक्षेत त्याची आकृती काढून गुणही मिळविले होते.

तार टेबलावर ठेवून ते पुढे म्हणाले, “तार काय, गंजणारच. यंत्र म्हटलं की कधीतरी बंद पडणारच. पण ते बंद पडलंय हे घरातल्या माणसाला कळायला नको का? तुमचा दिवा पाणी उतरलं तरी विझतो आणि तार तुटली तरी विझतो. मग त्या बाईनं काय समजायचं?”

परतीच्या एस.टी.त हे वाक्य आमच्या सोबतीस होते. आम्ही आयुष्यभर लोकांची पापनिवेदने ऐकली आहेत; आता आमचीच पाळी होती.

नीतिशास्त्राच्या अभ्यासात अज्ञानाचे दोन प्रकार शिकवितात. एक, जिंकता न येण्याजोगे अज्ञान: मनुष्याने वाजवी प्रयत्न केले तरी जे त्याला कळू शकले नसते. त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. दुसरे, जिंकता येण्याजोगे अज्ञान: थोडी काळजी घेतली असती, थोडे विचारले असते, तर जे दूर झाले असते. त्याचा दोष येतो, आणि ज्या कामावर दुसऱ्याचे जीवित अवलंबून असेल तेथे तो अधिक येतो. आमचे अज्ञान कोणते? आरंभी आम्ही पहिल्या प्रकाराकडे धाव घेतली. आम्ही नवशिके, हेतू चांगला, आम्हास काय ठाऊक! परंतु ती चित्रफीत पुन्हा उघडून पाहिली तेव्हा शेवटच्या चार मिनिटांत त्या शिकविणाऱ्याने स्पष्ट सांगितले होते, की ही तार फार दिवस टिकणार नाही आणि कायमच्या वापरासाठी निराळी योजना करावी. आम्ही तेथपर्यंत पाहिलेच नव्हते. बादलीत दिवा लागला त्या क्षणी आम्ही मोबाइल बंद केला होता.

पूर्वी खेड्यातील माणसाचे पुष्कळ अज्ञान खरोखरच जिंकता न येण्याजोगे होते. ग्रंथ नव्हते, जाणकार दूर होते. आज उत्तर बोटाच्या अंतरावर आहे. त्यामुळे ‘मला ठाऊक नव्हते’ या सबबीची जागा आक्रसली आहे. ज्ञान सुलभ झाले, की न जाणण्याची जबाबदारी वाढते, ही गोष्ट आपण मुलांना सांगत नाही आणि स्वतःही विसरतो.

तथापि, केवळ चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली असती म्हणजे सारे ठीक झाले असते, असेही आम्हास वाटत नाही. दोष अधिक खोल होता. वर्गातील शिक्षक विद्यार्थ्याचा चेहरा पाहतो. विद्यार्थ्याने मान डोलविली तरी त्याचे डोळे रिकामे आहेत, हे त्याला दिसते आणि तो पुन्हा विचारतो. चित्रफितीतील शिक्षक कितीही उत्तम असो, त्याला आम्ही दिसत नाही. आम्ही चुकीचे समजलो तरी तो आपल्या ओघात पुढे बोलत राहतो. त्याच्या या न टोकण्याला आम्ही संमती समजलो. महिनोन्‌महिने कोणी ‘चुकलात’ म्हटले नाही, म्हणून आपण चुकत नाही, असा ग्रह झाला. मावशींनी विझलेल्या दिव्याचा जो अर्थ लावला, तोच आम्ही आमच्या एकांतातील शांततेचा लावला होता. फरक इतकाच, की त्यांना तसे समजण्यास आम्ही सांगितले होते.

आणि खरे सांगावयाचे तर ही खोड आम्हास मोबाइलने लावली नाही. दर रविवारी आम्ही प्रवचन करतो आणि लोक शांतपणे ऐकतात. ती शांतता आम्ही तीस वर्षे होकार म्हणून मोजीत आलो आहोत.

संत अगस्तीन यांनी ३८९ च्या सुमारास आपला मुलगा आदेओदातुस याच्याशी केलेल्या संवादाचा ‘दे माजिस्त्रो’ हा ग्रंथ आहे. शब्द स्वतः काही शिकवीत नाहीत. ते केवळ बोट दाखवितात, आणि पाहणे शिकणाऱ्यालाच करावे लागते, असा त्यातील विचाराचा रोख आहे. दूरस्थ शिक्षणाच्या कैवाऱ्यांना हा विचार आवडावा. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाचा विचार करताना शिक्षकाला वैद्याची उपमा दिली आहे. रोग्याला बरी करणारी शक्ती रोग्याच्याच देहात असते. वैद्य तिला साहाय्य करतो. आम्हास त्यावरून असे वाटते, की औषधाच्या पुस्तकाला नाडी पाहता येत नाही, वैद्याला येते. याच संतांनी ‘शिकवून घेण्याची तयारी’ हा विवेकाचा एक भाग मानला आहे आणि वयाने, अधिकाराने मोठ्या असलेल्यांनाही ती आवश्यक आहे, असे म्हटले आहे. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले होते. साताऱ्याच्या दीड खणाच्या दुकानात ते आम्हास उमगले.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की मग एकट्याने शिकूच नये काय? किर्लोस्करांचे काय? लंडनच्या बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकलेल्या मायकेल फॅरडेचे काय? आक्षेप रास्त आहे. मात्र या दोघांची चरित्रे जरा जवळून पाहावीत. फॅरडे दुकानात बसून वाचीत असे हे खरे. पण १८१० पासून तो ‘सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी’ नावाच्या तरुणांच्या मंडळात जाऊ लागला. तेथे प्रत्येकाने आपले विचार मांडावयाचे आणि इतरांनी ते तपासावयाचे. किर्लोस्करांनी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांनी आरंभी तो घेण्यास का-कू केली. लोखंडाने जमीन बिघडेल, अशी भीतीही बोलून दाखविली गेली. म्हणजे, त्यांच्या कामाला रोज उलट बोलणारे कोणी तरी होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडले होते. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी मुलांना हाताने कामे करीत शिकविले, आणि तेही सर्वांनी मिळून. गरिबीमुळे गुरू मिळाला नाही, अशी माणसे या मातीत पुष्कळ झाली. पण कोणी टोकू नये, अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली नव्हती.

आयर्लंडमधील मेनूथच्या सेमिनरीत निकोलस कॅलन नावाचे एक धर्मगुरू भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३६ साली त्यांनी उच्च दाबाची वीज निर्माण करणारे वेटोळे तयार केले; पुढे जगभर वापरात आलेल्या यंत्रांत त्याची गणना होते. दाब किती आहे हे मोजण्यास त्या काळी साधन नव्हते, म्हणून ते विद्यार्थ्यांना धक्का देऊन पाहत. असे सांगतात, की त्यांपैकी एक विद्यार्थी बेशुद्ध झाला. तो पुढे डब्लिनचा महागुरुस्वामी झाला. ही कथा ऐकून हसू येते, कारण शेवट गोड आहे. आमच्या कथेतही तो तरुण वेळेवर उठला नसता, तर हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हास झाले नसते. आपल्या शिकण्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे कितीही थोर जिज्ञासेने न्याय्य ठरत नाही.

भरपाईबद्दल वाचक विचारतील. दोन शेळ्या आम्ही आमच्या पैशांतून घेऊन दिल्या. मावशी घेण्यास तयार नव्हत्या; ही देणगी नसून देणे आहे, हे त्यांना पटविण्यास बराच वेळ लागला. त्यानंतरच्या रविवारी, टाळ्या वाजविणाऱ्या त्याच मंडळींपुढे, काय चुकले ते आम्ही सांगितले.

मग नवी पेटी केली. ती करण्यापूर्वी कागदावरील आकृती साताऱ्याच्या गृहस्थांना दाखविली आणि त्यांनी ती दोनदा परत पाठविली. रेल्वेत १८७२ पासून वापरात आलेली एक युक्ती त्यांनी सांगितली. रुळांतून सतत धारा वाहती ठेवतात आणि ती वाहते आहे तोवरच मार्ग मोकळा असल्याचा संकेत राहतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा तार सुटली, काहीही झाले तरी धारा थांबते आणि संकेत धोक्याचा होतो. आमच्या नव्या पेटीत तसेच आहे. तार ओढ्यापर्यंत जाऊन परत येते. पाण्यात तिचे एकही उघडे टोक नाही. पाणी चढले, की तरंगता डबा वर येतो, त्यावरील लोहचुंबक बंद नळीतील कळ उघडतो आणि घंटी वाजते. पण तार उंदराने कुरतडली तरीही घंटी वाजते. मावशी उठतील, पाहतील, कदाचित आम्हास दोन शब्द ऐकवतील. तेवढे चालेल. बॅटरी संपली, तर मात्र ही पेटीही मुकीच राहील; म्हणून तपासणीची एक कळ बसविली आहे. सायंकाळी जपमाळ झाली, की मावशी ती दाबतात आणि घंटीचा आवाज ऐकून मगच दार लावतात.

ज्या पालकांची मुले आज असे सुटे भाग मागत आहेत, त्यांनी ते जरूर आणून द्यावेत. बॅटरीवरच काम करू द्यावे. घरातील २३० व्होल्टच्या विजेला आणि जुन्या टीव्हीसारख्या उपकरणांच्या पोटाला मुलांनी हात लावू नये, कारण बंद केल्यावरही त्यांत प्राणघातक विद्युतभार राहू शकतो. आणि दिवा लागला म्हणून मूल धावत दाखविण्यास आले, तर शाबासकी देऊन एक प्रश्न विचारावा: आता यातले काय बिघडले तर काय होईल? मुलाने तार काढण्यापूर्वीच अंदाज वहीत लिहावा, मग काढून पाहावी. अंदाज चुकला, तर त्या दिवशी तो काही शिकला. आणि केलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगासाठी द्यावयाची असेल, तर ती प्रथम एखाद्या जाणत्याच्या हाती द्यावी. असा जाणता माणूस बहुतेक गावांत असतो; त्याचे दुकान लहान असते आणि त्याला कोणी फारसे विचारीत नाही.

ज्याच्या प्रश्नापासून हे सारे सुरू झाले तो मुलगा आता तंत्रनिकेतनात शिकतो. परवा तो आला होता. आमच्या नव्या पेटीची आकृती पाहून तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “फादर, राग मानू नका, पण इथं एक चुकलंय असं वाटतं.” आम्ही चष्मा पुसला, त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि दाखव म्हटले.

रात्री झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करण्याची सवय आम्हास सेमिनरीत लागली. पुष्कळ रात्री मन काही बोलत नाही आणि आम्ही समाधानाने दिवा मालवितो. अलीकडे अशा शांत रात्री मांडणीवरील तारेकडे लक्ष जाते. मग आम्ही पुन्हा बसतो, दिवसभरात भेटलेल्या माणसांची नावे एकेक आठवतो आणि विचारतो, की आज खरोखरच पाणी उतरले आहे, की तार तुटली आहे?